वाड्यांचे उत्तरायुष्य

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर उच्छेळी-दांडी, नवापूर, तारापूर आणि चिंचणी ही गावे एकमेकांच्या शेजारी वसलेली आहेत. हा परिसर आज मासेमारी, १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्र आणि बोईसरची औद्योगिक वसाहत यांमुळे सर्वपरिचित आहे. तारापूरचा किल्ला मात्र या सर्वांहून जुना आहे. चिमाजी अप्पांच्या उत्तर कोकणच्या मोहिमेत १७३९ साली तो मराठ्यांनी जिंकला. पुढे पेशव्यांकडून तो विकाजी मेहेरजी या तारापूरच्या पारशी व्यापाऱ्यास इनाम मिळाला. याच घराण्यातील पेस्तनजी मेहेरजी यांच्या पेढीने एकोणिसाव्या शतकात हैदराबादेत निजामाच्या दरबारास कर्जे पुरविली. सत्ता, व्यापार आणि इनाम यांची सांगड त्या काळी अशी पडत असे आणि त्या सांगडीतूनच मोठी घरे उभी राहत. सत्ता गेली, पेढी बुडाली, इनाम खालसा झाले, की मागे उरत ती दगड, विटा आणि सागवान. त्यांचे पुढे काय झाले आणि काय व्हावयास हवे, हा प्रश्न महाराष्ट्रातील शेकडो गावांपुढे आहे. दांडीसारख्या लहान गावापासून पुण्यासारख्या शहरापर्यंत त्याचे स्वरूप थोड्याफार फरकाने सारखेच आहे.

वाडा : घर आणि कचेरी

वाडा म्हणजे केवळ श्रीमंताचे मोठे घर नव्हे. सरदार, जहागीरदार, देशमुख किंवा इनामदार यांचा कारभार ज्या वास्तूतून चाले, ती वास्तू म्हणजे वाडा. त्याची रचनाच या दुहेरी उपयोगातून झालेली दिसते. दर्शनी बाजूस भक्कम दरवाजा आणि त्यातच माणसापुरती लहान दिंडी. आत पहारेकऱ्यांची देवडी. मग पहिला चौक. या चौकाभोवतीच्या सोप्यांत कारकून बसत, सारा भरला जाई, तंटे ऐकले जात. वरच्या मजल्यावर दिवाणखाना. त्यापलीकडचा दुसरा चौक कुटुंबाचा. तेथे माजघर, देवघर, स्वयंपाकघर, धान्याची कोठारे आणि बाळंतिणीची खोली. पाहुणा कोणत्या चौकापर्यंत येऊ शकतो, यावरून त्याचे त्या घराशी असलेले नाते ठरत असे.

बांधकामाचा हिशेब खणांत होत असे. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. दगडी जोत्यावर सागवानी खांब, त्यांवर तुळया, त्यांवर कडीपाट, असा लाकडाचा सांगाडा प्रथम उभा राही; विटांची किंवा मातीची भिंत पुष्कळदा त्यानंतर भरली जाई. इमारतीचा भार बव्हंशी लाकूड पेलते, ही गोष्ट पुढे दुरुस्तीच्या संदर्भात फार महत्त्वाची ठरते.

उत्पन्न गेले, वास्तू राहिली

एवढ्या मोठ्या वास्तूची निगा राखण्यास कायम उत्पन्न लागते. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कौलांची शाकारणी, दर काही वर्षांनी गिलावा, वाळवीवर सततची नजर. हा खर्च वतनाच्या आणि जमिनीच्या उत्पन्नातून भागत असे. १९४८ चा कूळकायदा, १९५० चा परगणा व कुळकर्णी वतने रद्द करणारा कायदा आणि १९५२ चा जातइनामे रद्द करणारा कायदा यांनी कसणाऱ्याला न्याय दिला. सामाजिक दृष्टीने ही पावले आवश्यक होती. मात्र वाड्याला पोसणारा झरा त्यामुळे आटला. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि राजवाड्यांपुढेही तोच प्रश्न उभा राहिला.

शहरांत आणखी दोन कारणे होती. मालकांनी वाड्यांतील खोल्या भाड्याने दिल्या. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूंना संरक्षण मिळाले, पण गोठलेल्या भाड्यातून दुरुस्ती होईनाशी झाली. त्यातच वारसांच्या पिढ्या वाढत गेल्या. एका वाड्याचे पंधरा-वीस हिस्सेदार झाले, की छपराचा खर्च कोणी करावयाचा हे ठरेपर्यंत छप्परच खाली येई. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील अनेक जुने वाडे एका दिवसात जमीनदोस्त झाले. उरलेल्यांपैकी कित्येकांच्या जागी पुढील दशकांत सदनिका उभ्या राहिल्या. जे वाडे टिकले ते केवळ भक्कम होते म्हणून टिकले, असे नव्हे. प्रत्येकाच्या मागे कोणीतरी घेतलेला एक निश्चित निर्णय आहे.

विश्रामबाग : कामात राहिलेला वाडा

पुण्याचा विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधला. सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब आणि केळफुलाची नक्षी असलेला त्याचा दर्शनी भाग पेशवाईतील काष्ठकामाचा उत्तम नमुना मानला जातो. १८१८ मध्ये पेशवाई संपली. शनिवारवाड्याच्या आतील इमारती १८२८ च्या आगीत भस्मसात झाल्या आणि तेथे तट व पाया एवढेच उरले. विश्रामबागेचे भाग्य वेगळे होते. १८२१ मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे डेक्कन कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आलेल्या संस्थेचे मूळ या पाठशाळेत आहे. मे १८७९ मध्ये लावलेल्या आगीत शेजारचा बुधवार वाडा नष्ट झाला आणि विश्रामबागेचाही काही भाग जळाला. तो नगरपालिकेच्या आणि नागरिकांच्या पैशातून पुन्हा उभारण्यात आला. ज्या वास्तूत नागरिकांची मुले शिकत होती, तिच्यासाठी वर्गणी देण्यास नागरिक पुढे आले, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

विसाव्या शतकात १९५९ पर्यंत पुणे नगरपालिकेची व नंतर महानगरपालिकेची कचेरी या वाड्यात होती. चालू शतकाच्या प्रारंभापासून महापालिकेने त्याचे टप्प्याटप्प्याने जतन केले आणि पुण्याच्या इतिहासाचे दर्शन घडविणारे प्रदर्शन तेथे मांडले. पाठशाळा, कचेरी आणि प्रदर्शन अशा तीन अवस्थांतून हा वाडा गेला, पण तो ओस असा फारसा पडला नाही. कचेरीने भिंतींना खिळे ठोकले आणि चौकात आडोसे उभारले, हे खरे. पण गळणारे कौल तिने त्याच वर्षी बदलले. पडून राहिलेल्या वाड्याच्या बाबतीत तेवढेही होत नाही.

नारायण पेठेतील गायकवाड वाड्याची कथा याच जातीची आहे. लोकमान्य टिळकांनी तो १९०५ साली सयाजीराव गायकवाडांकडून विकत घेतला. संस्थानिकाचे घर वृत्तपत्राची कचेरी बनले, लोकांच्या तोंडी ‘केसरी वाडा’ हे नाव रूढ झाले आणि पुढे तेथेच टिळकांच्या स्मृतिवस्तूंचे दालन उभे राहिले.

एका माणसाचा संग्रह

बाजीराव रस्त्यालगतच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची वाट याहून निराळी आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमविण्यास सुरुवात केली. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच वारला. संग्रहाला त्याचे नाव देण्यात आले. केळकरांनी आणि त्यांच्या पत्नी कमलाबाई यांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, वज्ऱ्या, फण्या, वाद्ये, स्वयंपाकाची भांडी आणि कोरीव दरवाजे गोळा केले. राजदरबारातील शस्त्रे आणि जवाहीर यांच्यापेक्षा ज्या वस्तूंनी रोजचे घर चालते त्यांचा हा संग्रह आहे. अनेक दरवाजे आणि गवाक्षे तर मोडून टाकल्या जाणाऱ्या वाड्यांतून आली. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही येथे आणून पुन्हा जुळविण्यात आले.

पुढे केळकरांनी हा सारा संग्रह महाराष्ट्र शासनास अर्पण केला. वीस हजारांहून अधिक वस्तूंपैकी एका वेळी अल्पसाच भाग मांडता येतो. उरलेल्या वस्तूंची नोंद, साठवण आणि निगा हे काम प्रेक्षकाला दिसत नाही. तथापि संग्रहालयाचा खरा कस तेथेच लागतो.

राजवाडे आणि त्यांतील घराणी

कोल्हापूरचा नवा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात चार्ल्स मँट या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार काळ्या दगडात बांधला गेला. त्याच्या तळमजल्यावर शहाजी छत्रपती संग्रहालय आहे आणि वरच्या भागात राजघराण्याचे वास्तव्य आहे. घर आणि संग्रहालय एकाच छपराखाली नांदू शकतात, याचे हे उदाहरण होय.

रत्नागिरीचा थिबा राजवाडा मुळात कोणा मराठी सरदाराचा नव्हे. इंग्रजांनी पदच्युत केलेला ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८६ पासून रत्नागिरीत स्थानबद्ध होता. १९१० मध्ये हा वाडा बांधून झाल्यावर तो तेथे राहावयास गेला आणि १९१६ मध्ये रत्नागिरीतच निधन पावला. आज या वास्तूत राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे. एका परक्या राजाचा बंदिवास कोकणच्या इतिहासाचा भाग कसा झाला, हे ती वास्तू स्वतःच सांगते.

सावंतवाडीच्या राजवाड्याने आणखी वेगळा मार्ग दाखविला. लाखकाम आणि हाताने रंगविलेली गंजिफा या तेथील जुन्या कला विसाव्या शतकाच्या मध्यास लुप्त होण्याच्या बेतात होत्या. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध कारागिरांकडून त्या शिकून घेण्याची व्यवस्था केली आणि राजवाड्याच्या दरबार सभागृहातच कारागिरांना बसविले. पाहुण्याला तेथे काचेतील गंजिफाबरोबर गंजिफा रंगविणारा हातही दिसतो. वास्तू, कला आणि रोजगार या तिहींचा मेळ तेथे बसला.

वस्तू राहिल्या, घर गेले

याच्या उलट उदाहरणही लक्षात ठेवावयास हवे. तारापूरच्या मेहेरजींनी जेथे पेढी चालविली, त्या हैदराबादेत मोठ्या सरदारांच्या वाड्यांना ‘देवडी’ म्हणत. सालारजंग घराण्याच्या दिवाण देवडीत डिसेंबर १९५१ मध्ये तिसऱ्या सालारजंगांच्या संग्रहाचे संग्रहालय उघडण्यात आले. १९६८ मध्ये ते मुसी नदीकाठच्या नव्या इमारतीत हलविण्यात आले. संग्रह सुरक्षित राहिला आणि जगप्रसिद्ध झाला. दिवाण देवडी मात्र पाडली गेली. ज्या दालनांसाठी त्या वस्तू आणल्या गेल्या होत्या, ती दालनेच उरली नाहीत.

कागदपत्रांच्या बाबतीतही असेच घडते. वाईजवळ मेणवली येथे कृष्णेच्या घाटावर नाना फडणीसांचा वाडा उभा आहे. पेशवाईच्या कारभारावर प्रकाश टाकणारे ‘मेणवली दप्तर’ मात्र तेथून बाहेर पडले, इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांच्या संग्रहात आले आणि अखेर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सुरक्षित झाले. ते तेथेच राहते तर कदाचित वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडते. म्हणून या स्थलांतराबद्दल खंत करण्याचे कारण नाही. पण कोणता कागद कोणत्या घरातून आला, याची नोंद राहिली म्हणूनच आज तो वाडा आणि ते दप्तर एकत्र वाचता येतात. नोंद नसती, तर घर मुके आणि कागद बेवारस झाले असते.

युरोपातील नगरसंस्थांपुढेही हे प्रश्न आले. पॅरिस नगरपालिकेने सोळाव्या शतकातील कार्नाव्हाले हे सरदारी घर १८६६ साली विकत घेतले आणि १८८० मध्ये तेथे त्या शहराच्याच इतिहासाचे संग्रहालय उघडले. ॲमस्टरडॅममध्ये लुईझा होल्टहॉयसेन या विधवेने आपले कालव्याकाठचे घर, सामानासुमानासह, १८९५ मध्ये मृत्युपत्राने शहरास दिले आणि ते संग्रहालय म्हणूनच चालवावे अशी अट घातली. पुढील वर्षी ते लोकांना खुले झाले. खरेदी असो वा दान, घराला संग्रहालय म्हणून नवे आयुष्य मिळाले, हे दोन्ही ठिकाणचे मर्म आहे.

दुरुस्तीतील दोष

जतनाच्या नावाखाली होणारे नुकसान कित्येकदा उपेक्षेमुळे होणाऱ्या नुकसानीपेक्षा मोठे असते. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. भट्टीचा चुना पाण्यात विरवून, मुरवून, वाळूसह घाणीत मळला जाई. त्यात गूळ, बेलफळाचे पाणी अशी द्रव्ये मिसळत. असा चुना भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो आणि इमारतीच्या बारीक हालचालींबरोबर स्वतःही थोडा हलतो. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच कोंडते. वीट भुसभुशीत होते आणि भिंतीत बसविलेले तुळईचे टोक कुजू लागते. बाहेरून भिंत नवी दिसते. आतून भार पेलणारे लाकूड संपत आलेले असते. लाकडावर जाड तैलरंग चढविल्याने कोरीव काम बुजते, हा दुसरा नेहमीचा दोष.

म्हणून दुरुस्तीचा क्रम ठरलेला असावा. प्रथम छप्पर आणि पन्हळी, मग पाण्याचा निचरा, मग लाकूड, मग गिलावा आणि रंग सर्वांत शेवटी. अंदाजपत्रकात बहुधा हा क्रम उलटा असतो, कारण रंग उद्घाटनापूर्वी दिसतो आणि पन्हळ दिसत नाही.

कोणाचे घर, कोणाचा इतिहास

वाड्याचे संग्रहालय करताना एक प्रश्न टाळता येत नाही. या घराच्या दिवाणखान्याचा इतिहास मांडावयाचा, तर त्याच्या परसदाराचा इतिहासही मांडला पाहिजे. पालघर जिल्ह्याला हे वेगळे सांगावयास नको. १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू व उंबरगाव तालुक्यांतील वारली शेतकरी व मजूर वेठबिगारीविरुद्ध उठले. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने ती पिळवणूक मोडून काढली. ज्या घरांच्या अंगणात वेठ राबली, तेथे केवळ पानदाने आणि झुंबरे मांडली, तर ते अर्धे सत्य होईल. ज्यांनी दगड वाहिले, चुना मळला, पाणी भरले, जाते ओढले, त्यांची अवजारे आणि त्यांच्या आठवणी यांना त्याच छपराखाली जागा मिळाली पाहिजे. असे झाले तरच गावातील प्रत्येकाला ते संग्रहालय आपले वाटेल. आणि ज्याला ते आपले वाटेल, तोच त्याच्या छपराची काळजी करील.

जव्हार येथे मुकणे घराण्याचा जयविलास राजवाडा आहे. १९४८ मध्ये जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राजवाडा घराण्याची खासगी वास्तू म्हणून राहिला. त्याच परिसरात वारली चित्रकला आणि बोहाड्याचे मुखवटे या जिवंत परंपरा आहेत. सावंतवाडीने दरबारात कारागीर बसवून जे साधले, त्याचा विचार या भागाने आपल्या परीने करण्यासारखा आहे.

पंचायती आणि शाळा यांचे काम

राज्याला १९६० च्या महाराष्ट्र प्राचीन स्मारके व पुराणवास्तुशास्त्रविषयक स्थळे व अवशेष अधिनियमान्वये महत्त्वाच्या वास्तू संरक्षित घोषित करता येतात. मूर्ती, चित्रे, हस्तलिखिते यांसारख्या जंगम वस्तूंसाठी केंद्राचा १९७२ चा पुरावशेष व कलानिधी अधिनियम आहे. विशिष्ट प्रकारच्या प्राचीन वस्तूंची नोंदणी त्यान्वये बंधनकारक आहे आणि त्या परदेशी नेण्यावर निर्बंध आहेत. परंतु प्रत्येक जुने घर संरक्षित स्मारक होऊ शकत नाही आणि होण्याची गरजही नाही. पुष्कळसे काम गावपातळीवर, अल्प खर्चात होण्यासारखे आहे.

पहिले काम नोंदीचे. ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदवहीत गावातील प्रत्येक घर असते. तिच्या आधाराने शंभर वर्षांहून जुन्या घरांची वेगळी यादी करता येते. प्रत्येक घराचा साधा नकाशा, खणांची संख्या, खांब-तुळयांची स्थिती, छायाचित्रे आणि घरातील वृद्धांनी सांगितलेली हकीकत एवढे त्यात असावे. नकाशा काढणे, मोजमापे घेणे आणि हकीकत लिहून घेणे ही कामे माध्यमिक शाळेतील विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली उत्तम रीतीने करू शकतात. घर पुढे पडले, तरी नोंद राहते.

दुसरे काम वस्तूंच्या पावतीचे. संग्रहासाठी कोणी वस्तू दिली, तर दात्याचे नाव, दिनांक, वस्तूचे वर्णन आणि ती देणगी आहे की ठेव, हे आवक नोंदवहीत त्याच दिवशी लिहिले जावे. लहान संग्रह मोडतात ते बहुधा चोरीने नव्हे, तर ‘ती वस्तू आमची होती’ या वादाने.

तिसरे काम वापराचे. वाडा मिळाला म्हणून लगेच संग्रहालयाचा फलक लावण्याची घाई नसावी. वाचनालय, बालवाडी, महिला मंडळाचे केंद्र किंवा सभेची जागा म्हणून वास्तू वापरात ठेवून एका खणात चार वस्तू मांडल्या, तरी ती चांगली सुरुवात होय. चौथे काम खर्चाच्या तरतुदीचे. एकदाच मिळणाऱ्या मोठ्या अनुदानापेक्षा दरवर्षी शाकारणी, वाळवीनाशक आणि राखणदार यांसाठी ठेवलेली छोटी रक्कम वास्तूला अधिक वर्षे उभी ठेवते.

आणि ही दृष्टी केवळ सरदारी वाड्यांपुरती नसावी. दांडीसारख्या मच्छीमार गावात जुनी कौलारू घरे, जाळ्यांचे प्रकार, होड्या बांधण्याची अवजारे आणि वाऱ्या-भरतीचे ज्ञान यांनाही तेवढेच मोल आहे. केळकरांनी अडकित्ते आणि दिवे जमविले तेव्हा अनेकांना त्या टाकाऊ वस्तू वाटल्या होत्या. जे घर आज गावात उभे आहे, ज्याची हकीकत सांगणारे माणूस आज हयात आहे, त्याची नोंद याच वर्षी, पावसाळ्यापूर्वी होऊ शकते. त्यासाठी ग्रामसभेचा एक ठराव, एक वही आणि मोजपट्टी धरणारी चार मुले पुरेशी आहेत.